बोंडअळीला सवय लागत नाही

जीवसृष्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमची कोरडवाहू कपाशी आहे. दरवर्षी बीटीचंच बियाणं घेतो, पक्की पावती घेतो. तरी दिवाळीनंतर बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. दुकानदार म्हणतो, अळीला आता बीटीची सवय झाली. घरचे म्हणतात, बियाणंच बोगस आहे. खरं काय समजायचं?
— एक शेतकरी, राळेगाव (जि. यवतमाळ)

भाऊ, बोगस बियाण्याचा संशय असेल तर पाकीट आणि पावती घेऊन कृषी विभागाकडे तक्रार करायलाच हवी. पण अस्सल बियाण्याच्या कपाशीवरही आज गुलाबी बोंडअळी जगते. आणि ती सवय लागल्यामुळे नव्हे. हा फरक मी नोकरीभर प्राणिशास्त्राच्या वर्गात शिकवत आले. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, कपाशीवाल्यांचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी कधीच नुसता पुस्तकातला नव्हता. जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. त्याचं एक जनुक कपाशीत घातलं की झाडाच्या पानाफुलांत, बोंडांत क्राय१एसी नावाचं प्रथिन तयार होतं. अळीनं ते खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या अस्तरावरच्या एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं. अस्तराला छिद्रं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. म्हणजे हे विष चालायला अळीच्या आतड्यात चिकटायची जागा हवी.

आता लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी जन्मते, की तिच्यात ती जागाच नीट घडलेली नसते. आईबापांकडून जनुकाची नक्कल उतरताना अशा चुका होतच असतात. कपाशीत बीटी येण्याआधीही त्या होत होत्या. तेव्हा त्या अळीला त्याचा काही उपयोग नव्हता. बीटीच्या शेतात मात्र तिच्या हजारो बहिणी मेल्या आणि ती जगली, तिचा पतंग झाला, तिनं अंडी घातली. पिल्लांना तिचंच जनुक मिळालं. अंड्यापासून पतंगापर्यंत महिनाभर लागतो, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या निघतात. पुढच्या वर्षी अशा अळ्या थोड्या जास्त, त्यापुढच्या वर्षी आणखी जास्त. यातली एकही अळी आपल्या आयुष्यात विष पचवायला शिकलेली नाही. जी मरायची ती मेली, आणि जगणारी आधीपासूनच वेगळी होती. भारतातल्या बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्यांची जनुकं शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा बिघाड त्याच आतड्यातल्या प्रथिनाच्या जनुकात सापडला, आणि तोही एकाच प्रकारचा नव्हता. वेगवेगळ्या अळ्यांत ते जनुक वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं होतं. डार्विननं १८५९ मध्ये ज्याला नैसर्गिक निवड म्हटलं, ती हीच.

आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००८ च्या हंगामात गुजरातमध्ये गोळा केलेल्या अळ्या क्राय१एसी पचवून जगताना दिसल्या, आणि २०१० मध्ये हे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनंच ते जाहीर केलं. तोवर २००६ पासून दोन विषांचं बियाणं बाजारात आलेलं होतं. त्यात क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी होतं. पण पहिलं विष निकामी झालेल्या अळीपुढे ते दुसरं एकटंच लढत होतं. काही वर्षांत तेही हरलं. गुलाबी अळीनं बुडवलेला २०१७ चा हंगाम आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही.

इथं एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. त्याच शेतात, त्याच बियाण्यावर हिरवी बोंडअळीही असते. तिच्यावर बीटीचा परिणाम कितीतरी जास्त काळ टिकला. का? हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. बीटी नसलेल्या त्या पिकांवर वाढलेले साधे पतंग कपाशीवरून निघालेल्या पतंगांशी जुगत राहतात. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. चहूकडे बीटी कपाशीच असेल तर बीटीनं न मरणाऱ्या पतंगाला जोडीदारही तसाच मिळणार.

बिगरबीटीच्या ओळी पेरा असं सांगतात ते यासाठी. बीटी पचवण्याचा हा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप, दोघांकडून मोडलेलं जनुक आलं तरच अळी जगते. एकाकडून आलं तर मरते. म्हणून शेताच्या कडेला साध्या कपाशीवर साधे पतंग तयार झाले पाहिजेत. त्यांच्याशी जुगल्यावर पुढची पिढी बीटीवर मरते. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी यायची ती याच कामासाठी. किती जणांनी ती बांधावर टाकून दिली! मी त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणार नाही. अळीसाठी ओळी पेर असं सांगायचं, आणि त्यामागचं कारण मात्र त्याच्यापर्यंत पोचवायचं नाही, हे मला आजही बोचतं. आनुवंशिकतेचा एवढा साधा नियम शेतकऱ्याला कळणार नाही असं समजणाऱ्यांनी त्याला ओळखलेलंच नाही. त्याच्या घरात बैलांच्या आणि गाईंच्या वंशाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असतो.

दुसरी भर आपल्या संकरित वाणांनी घातली. बीटीचं जनुक संकरित झाडाच्या एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातल्या काही सरकीत बीटी उतरतं, काहीत उतरत नाही. अळी खाते ती सरकीच. तिसरी भर फरदडीची, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही तीच कपाशी राखून घेतलेल्या पिकाची. बोंडं जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेतात उभी राहिली की अळीच्या आणखी पिढ्या त्यावर पोसल्या जातात.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी आधी बिगरबीटीच्या ओळी नेटानं पाळल्या, पुढे वांझ केलेले पतंग मोठ्या संख्येनं सोडले. २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बीटीही तेच.

तुमच्या हातात काय आहे? डिसेंबर संपताना शेत रिकामं करा, फरदड घेऊ नका. पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नका, सुप्तावस्थेतली अळी त्यात उन्हाळा काढते. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगाला ओढणारे) लावा आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले की फवारणीचा निर्णय घ्या. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेली गुलाबासारखी मिटलेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करा. आणि हे गावानं मिळून करा. पतंगाला शेताचा धुरा, म्हणजे बांध, कळत नाही.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा झाला. आमच्या गावात वानरांच्या टोळ्या येतात. माणूस माकडापासून झाला असेल तर ही वानरं अजून वानरंच का राहिली? सरांना विचारलं तर वर्ग हसला.
— एक विद्यार्थिनी, वरोरा (जि. चंद्रपूर)

बाळ, हसणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर येत होतं कोण जाणे. प्रश्न चांगला आहे आणि तू तो विचारलास याचा मला फार आनंद झाला.

तुझ्या गावातलं वानर माणसाचं पूर्वज नाही. ते तुझं फार लांबचं भावंड आहे. सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी एक प्राणी होता, तो आजच्या वानरासारखाही नव्हता आणि आपल्यासारखाही नव्हता. त्याच्या वंशजांचे गट वेगळे पडले. एका शाखेतून पुढे वानरं आणि माकडं झाली. दुसऱ्या शाखेतून गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. भारतात आपल्याशिवाय या दुसऱ्या शाखेतले फक्त गिबन आहेत, आसाम आणि आसपासच्या जंगलांत. चिंपांझींची आणि आपली वाट तर साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली. एका शाखेचं काही झालं म्हणून दुसरीनं नाहीसं व्हावं, असं काही नसतं. वानराचं आतडं पानं पचवायला किती सुरेख घडलेलं आहे ते तू पुढे शिकशील. त्याच्या पोटाला कप्पे असतात. आपल्याला उपाशी ठेवेल अशा पाल्यावर ते धडधाकट राहतं. त्यानं माणूस व्हावंच कशाला?

आता पुरावा. धड्यात गुणसूत्रं आली आहेत ना? चिंपांझीत त्यांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. एक जोडी गेली कुठे? प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला डीएनएचा एक ठरावीक तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो. आपल्या दोन क्रमांकाच्या गुणसूत्रात हा टोकाचा तुकडा टोकांवर तर आहेच, पण आत, अंगावरही आहे. शिवाय त्यात एक काम करणारा गुणसूत्रबिंदू आहे आणि दुसऱ्या, बंद पडलेल्या गुणसूत्रबिंदूचे अवशेष आहेत. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली की असंच दिसणार. चिंपांझीत ती दोन अजून सुटी आहेत, आणि त्यांवरची जनुकं आपल्या त्या एका गुणसूत्रावरच्या जनुकांशी ओळीनं जुळतात. मला स्वतःला जीवाश्मांपेक्षाही हा पुरावा जास्त भावतो, कारण तो तुझ्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे.

पुढच्या तासाला हे वर्गात सांग. सरांनाही आवडेल.

प्रश्न : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन… दशावतार म्हणजे आपल्या पूर्वजांनी सांगितलेली उत्क्रांतीच नव्हे का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

काका, हा क्रम पाहून पुष्कळांना असं वाटलं आहे. मला तसं वाटत नाही, आणि त्यात दशावतारांचा अनादरही नाही. अवतार एकामागून एक येतात ते धर्मरक्षणासाठी. कूर्म मत्स्यापासून जन्मला किंवा वराह कूर्मापासून, असं कुठलंही पुराण सांगत नाही. उत्क्रांतीचा सगळा दावा मात्र जन्माच्या नात्यांचाच आहे. शिवाय दशावतारांची रांग पुढे माणसापर्यंत येते. निसर्गात अशी रांग नाही. मासे मागे राहून गेले नाहीत. आज पाठीचा कणा असलेल्या जितक्या जाती पृथ्वीवर आहेत, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास माशांच्याच आहेत. तीस हजारांहून जास्त. त्यांच्यात आजही नव्या जाती घडत आहेत. दशावतार भक्तीनं वाचावेत, ऐकावेत, आमच्याकडे कीर्तनात ऐकले तसे. त्यांना शास्त्राच्या दाखल्याची गरज नाही.

प्रश्न : सह्याद्रीत पालीची नवी जात सापडली, अशी बातमी पेपरात सारखी असते. कधी खेकडा, कधी मासा. इतक्या जाती खरंच असतात, की नुसती नावं वाढवतात? आणि एकाच डोंगरावर एक जात, हे कसं?
— एक वाचक, सावंतवाडी

तुम्ही जिथं राहता तिथल्या लोकांनी हा प्रश्न विचारावा याचं मला विशेष वाटलं, कारण या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घराच्या मागेच आहे.

बातमीतल्या पाली बहुतेक निमास्पिस नावाच्या गटातल्या असतात. बोटभर लांबीच्या, दिवसा वावरणाऱ्या. भिंतीवरच्या पालीच्या डोळ्यातली बाहुली उभी चिरेसारखी असते, हिची गोल. हिला सावलीतला गार खडक लागतो. घाटमाथ्यावरच्या एका कड्यावर ती सुखात असते, पण खाली उतरून तापलेलं मैदान ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जाणं तिला जमत नाही. म्हणजे दोन डोंगरांवरच्या पालींचा एकमेकींशी संकर लाखो वर्षं होत नाही. जनुकांत बारीकसारीक बदल तर दोन्हीकडे चाललेलेच असतात, पण या डोंगरावरचा बदल त्या डोंगरावर पोचत नाही. पुरेसा काळ गेला की त्या दोन जाती होतात. त्याला प्रत्येक वेळी मोठं कारण लागतंच असं नाही.

नावं उगाच वाढवतात का, ही शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती घ्यावी लागते. पूर्वी अंगावरची खवलं, रंग, मांडीखालच्या ग्रंथींची छिद्रं मोजून जात ठरवत. तेव्हा दिसायला सारख्या पाली एकाच नावाखाली गेल्या. आता तीच मापं आणि त्यांच्या जोडीला डीएनए तपासतात, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या दोन पालींची वाट कित्येक लाख वर्षांपूर्वी फुटल्याचं कळतं. म्हणजे जाती होत्याच, आपल्या यादीत नव्हत्या.

पण सह्याद्रीची खरी श्रीमंती मला पालींपेक्षा देवगांडुळात दिसते. पावसाळ्यात शेणखतात किंवा ओल्या मातीत खणताना निघतं ते. अंगावर कडी, डोळे जवळजवळ नाहीतच. लोक साप किंवा मोठं गांडूळ समजून मारतात. ते ना साप आहे ना गांडूळ. ते बेडकाच्या नात्यातलं, उभयचर आहे. खंडाळ्याच्या देवगांडुळाची एक जात १९६० मध्ये शास्त्राला कळली, आंबोलीची एक २००३ मध्ये. कोकणातल्या एका देवगांडुळाची मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या उभयचरांत असं पहिल्यांदाच आढळलं, आणि ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

या देवगांडुळांचे जवळचे नातेवाईक आहेत हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. उभयचराची कातडी खाऱ्या पाण्यात टिकत नाही, मग समुद्र ओलांडला कुणी? कुणीच नाही. सेशेल्स आणि भारत एकच भूखंड होता. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमाराला, दख्खनचा काळा पत्थर ज्या लाव्हानं बनला त्याच काळात, तो तुटला. देवगांडुळं दोन्हीकडे राहिली आणि जमीनच दूर गेली. केरळातल्या जांभळ्या बेडकाची, जो शास्त्राला २००३ मध्ये माहीत झाला, त्याचीही जवळची नाती सेशेल्सच्याच बेडकांशी आहेत. तुमच्या परसातल्या फावड्याखाली येणारा प्राणी इतका जुना इतिहास अंगावर वागवतो हे कळल्यापासून मी प्रत्येक पावसाळ्याच्या तोंडाशी ओळखीच्यांना फोन करून सांगते, मारू नका.

एका डोंगराची जात त्या डोंगराबरोबरच जाते, हेही लक्षात ठेवायला हवं. एक खाण, एक रिसॉर्ट, आणि लाखो वर्षांची शाखा संपली. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडातला छोटा मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाला, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. इतकं झटपट संरक्षण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. कोकणातल्या सड्यांना तर सरकारी कागदांत अजून पडीक जमीन म्हणूनच लेखलं जातं. ते बदलायला तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही मागा, त्यात या प्राण्यांची नोंद आहे का पाहा, नसेल तर करायला लावा. तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्यापासून तिथले सरडे फिके पडले, असं ऐकलं. ही उत्क्रांती म्हणायची का?
— एक वाचक, सातारा

ऐकलंत ते बरोबर आहे. तिथला सरडा सुंदर आहे. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी पडदा असतो आणि मादीपुढे तो पंख्यासारखा उघडतो. २०१६ मध्ये तो नवी जात म्हणून नोंदला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांजवळचा आणि त्यांच्यापासून दूरचा भाग ताडून पाहिला. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी होते. खाणारे कमी झाल्यानं सरडे दाटीनं वाढले, त्यांच्या रक्तात भीतीच्या ताणाचं संप्रेरक कमी आढळलं, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण दाटी झाली की प्रत्येकाच्या वाट्याचं अन्न कमी होतं. ते अंगानं हडकले आणि गळ्याचे रंग उतरले.

लगेच उत्क्रांती म्हणू नये. उपाशी सरडा फिका पडतो, पण त्याच्या पिल्लांना पोटभर खायला मिळालं तर ती पुन्हा रंगदार होऊ शकतात. बदल जनुकांतून पुढच्या पिढीत उतरला तरच ती उत्क्रांती. बोंडअळीत आणि या सरड्यात हा फरक आहे. तरी घार-गरुड नसलेल्या पठारावर बेसावध सरड्यांचीच पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या जगत राहिली, तर निवडीची दिशाच बदलते. स्वच्छ वीज हवीच, मला हवी आहे. पण चक्क्या कुठल्या पठारावर उभ्या करायच्या हे ठरवताना पक्ष्यांच्या वाटा आधी पाहाव्यात, एवढं मागणं अवाजवी नाही.

प्रश्न : कारवी दरवर्षी का फुलत नाही?
— एक वाचक, बोरिवली

कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलतं. त्याचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण असं : सगळी झुडपं एकाच वर्षी फुलली की बियांचा इतका सडा पडतो की किडे, उंदीर, पाखरं खाऊन खाऊन थकतात आणि तरी बिया उरतात. जे झुडूप एकटंच अवेळी फुललं, त्याच्या बिया खाणाऱ्यांनी फस्त केल्या, त्याचा वंश चालला नाही. वेळ पाळणारी उरली. तुमच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. आठ वर्षांचा हिशेब टिकला तर पुढचा बहर २०३२ च्या पावसाळ्याअखेर.